आमच्या गावची ईस्टरची रात्र आम्हाला परत द्या : बिशप महोदयांना खुलं पत्र

आदरणीय बिशप महोदय आणि डायोसिसच्या पास्टरल कौन्सिलचे सगळे सभासद,

जय येशू.

मी वर्धा नदीकाठच्या एका गावातली आशा वर्कर. गावाचं नाव मुद्दामच लिहून नाही राहिली, कारण नाव लिहिलं की सगळ्यांचं बोट आमच्या फादरकडे जाईल आणि माझं भांडण फादरशी नाही. ते बिचारे एकटे, त्यांच्या डोक्यावर शाळा, होस्टेल आणि आमच्यासारखी कितीतरी गावं, आणि वय म्हणाल तर माझ्या धाकट्या भावाएवढं. निर्णय वरून आला, डायोसिसच्या म्हणजे धर्मप्रांताच्या ऑफिसातून आला, असं आम्हाला सांगितलं म्हणून तुम्हाला लिहून राहिली.

निर्णय असा की यावर्षीपासून पवित्र सप्ताहाची सगळी उपासना, आज्ञा गुरुवार, गुड फ्रायडे आणि ईस्टरची जागरणाची रात्र, फक्त मेन पॅरिश चर्चमध्ये होईल, गावच्या चॅपलमध्ये काहीच नाही. हे आम्हाला कळलं कधी, तर झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या संध्याकाळी, 28 मार्चला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. खाली हात जोडलेला इमोजी. ना मीटिंग, ना कोणी विचारलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही बायांनी सह्या करून पॅरिश ऑफिसात अर्ज दिला, त्याची पोच अजून नाही. आता ईस्टर होऊन गेला तरी कोणी काही बोलून नाही राहिलं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. आणि कोणी म्हणेल की घरची गोष्ट चव्हाट्यावर कावून आणली, तर चर्चच्याच 1983 च्या कायद्यात कलम 212 आहे, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की चर्चच्या भल्याच्या गोष्टीत आपलं मत आपल्या मेंढपाळांना आणि बाकीच्या श्रद्धावंतांनाही सांगायचा लोकांना हक्क आहे, काही वेळा तर ते कर्तव्यच आहे, फक्त आदर ठेवून सांगा. तेच करून राहिली.

आधी आमच्याकडं ती रात्र कशी व्हायची ते सांगते, कारण ऑफिसात बसून कागदावर "सबस्टेशन (म्हणजे मेन पॅरिशला जोडलेलं गाव), 40 कुटुंबं" एवढंच दिसत असेल.

शनिवारी दुपारी पोट्टे वावरातून वाळलेली पऱ्हाटी आणून चॅपलच्या अंगणात रचायचे. कापूस निघून गेला की पऱ्हाटीचंच सरपण, ती पेटते पण कशी, तडतड आवाज करत एकदम माणसाच्या उंचीएवढी. मोठी सतरंजी आणि पाण्याचा गंज हनुमान मंदिराच्या मंडळातून यायचा, कारण हनुमान जयंती नुकतीच झालेली असते (यावर्षी 2 एप्रिलला झाली) आणि त्यांचं सामान मोकळंच असते. आमचा ईस्टर आणि त्यांची चैत्री पौर्णिमा बहुतेक मागंपुढंच येतात, त्यामुळे हा व्यवहार ठरलेलाच आहे, कोणाला मागायला जावं लागत नाही. आठ वाजले की गावातला सुतार पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती घेऊन उभा. तो कॅथलिक नाही, पण त्याचा हात बारीक आहे म्हणून आधी पेन्सिलनं खुणा तोच करून द्यायचा, आणि मग फादर त्याच खुणांवरून चाकूनं क्रूस कोरायचे, वर आल्फा, खाली ओमेगा, क्रूसाच्या चार कोपऱ्यांत सालाचे चार आकडे, आणि मग धुपाचे पाच दाणे, येशूच्या पाच जखमांचे. गावातली लाईट बंद. नवीन आगीवरून ती मेणबत्ती पेटायची, फादर "ख्रिस्ताचा प्रकाश" म्हणायचे आणि तिच्यावरून हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्या. मेण हातावर गळू नये म्हणून आम्ही बाया वहीच्या पुठ्ठ्याला भोक पाडून ठेवायचो.

आणि वाचनं! जुन्या करारातली सात, मग रोमकरांच्या पत्रातलं एक, मग शुभवर्तमान. आमच्याकडं सातही व्हायची, एकेक वाचन एकेका घराकडं वर्षानुवर्षं ठरलेलं. निर्गमाचं वाचन, तो समुद्र दुभंगायचा भाग, एका म्हाताऱ्या बाबांकडं. चष्म्याची काडी तुटलेली, दोरा बांधलेला, मोबाईलचा टॉर्च नातवानं धरायचा, आणि फारोचे रथ बुडाले की बाबा थांबून मंडळीकडं असे बघायचे की जसे काही यांनीच बुडवले. चौथी नापास माणूस आहे तो. वर्षभरात त्याला माईकसमोर उभं राहायला मिळते ते त्या एका रात्री. मग ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, घंटा, पोट्टे तर ताटं पण वाजवायचे, आणि चाळीस दिवस न म्हटलेलं आलेलुया.

हे सगळं रात्री साडेआठला सुरू होऊन साडेअकरा-बाराला संपायचं आणि लोक पायी घरी जायचे. माझी सासू, गुडघे गेलेली बाई, ती पण यायची, कारण चॅपल पाचव्या घरापाशी.

आता यावर्षी काय झालं.

मेन चर्च आमच्यापासून 40 किलोमीटर. आमच्या गावात मुक्कामी गाडी येते, ती संध्याकाळी येते आणि सकाळी जाते, म्हणजे आम्हाला जेव्हा जायचं तेव्हा ती यायच्या बाजूनं आणि यायचं तेव्हा ती उभी. काळीपिवळी रात्री कोणी चालवत नाही. एका पिकअपवाल्यानं नेलं काही लोकांना, तो भाजी नेतो ती गाडी, मागं उभं राहून. 4 एप्रिलचं ऊन, दुपारी साडेतीनला निघायचं, डोक्यावर फटकूर बांधून लहान पोरं मांडीवर. मी आशा वर्कर आहे, त्याच आठवड्यात मी घरोघरी सांगत फिरत होती की दुपारी 12 ते 4 बाहेर निघू नका, ओआरएस ठेवा, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना जपा. आणि आमचंच चर्च सांगते की दुपारी निघा! सासू, बाबा, गरोदर बाया, बाळंतीण, असे सगळे घरीच राहिले. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त ओढ तेच मागं.

बरं तिथं पोचून काय मिळालं, तर जागरणाची उपासना सुरू झाली संध्याकाळी साडेपाचला. साडेपाचला! आमच्या विदर्भात एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या आसपास बुडते. अंगणात आग पेटवली ती उन्हात दिसत पण नव्हती, फक्त धूर दिसत होता, आणि "ख्रिस्ताचा प्रकाश" म्हणताना हॉलमधले ट्यूबलाईट चालू. सातपैकी तीन वाचनं घेतली. तीन चालतात म्हणे, नियमात बसते, असेल. पण दिवसाउजेडी जागरण हे नियमात बसत नाही हो. नियम असा आहे की रात्र पडल्यावर सुरू करा आणि रविवारी उजाडायच्या आत संपवा, आणि रोमच्या उपासना विभागानं 1988 साली ईस्टरच्या तयारीबद्दल जे पत्र काढलं त्यात तर शनिवार संध्याकाळच्या नेहमीच्या मिस्साच्या (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेच्या) वेळेला जागरण उरकणाऱ्यांना चांगलंच झापलं आहे. आणि हे काही नवीन खूळ नाही. कित्येक शतकं ही उपासना शनिवारी सकाळीच उरकून टाकायचे, मग पोप पायस बारावे यांनी 1951 ला ती परत रात्री करायची मोकळीक दिली आणि 1955 ला सगळ्या पवित्र सप्ताहाचीच नवी मांडणी केली. इतक्या मेहनतीनं जी रात्र परत आणली ती आपण पार्किंगपायी पुन्हा उन्हात नेऊन ठेवली. हो, कारण विचारलं तर तेच सांगितलं, की उशीर झाला तर शहरातल्या लोकांना गाड्या काढायला त्रास होते.

गावात जे मागं राहिले त्यांनी काय करावं तर "यूट्यूब लाईव्ह पाहा". आमच्याकडं नेटवर्क पाण्याच्या टाकीपाशी येते. टाकीखाली खाटा टाकून म्हातारे बसले होते मोबाईल बघत, गोल-गोल फिरत राहिलं, मग रेंज आली तेव्हा फोटोवाला वेदीसमोर उभा. आणि मोबाईलमधून ख्रिस्तप्रसाद हातात येते का, तुम्हीच सांगा.

त्यातल्या त्यात जास्त लागलं ते चॅपलच्या किल्लीचं. आमचे कॅटेकिस्ट काका, म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारे, तीस वर्षांपासून चॅपल सांभाळून राहिले, त्यांच्याकडून गुरुवारीच किल्ली मागून घेतली, कारण काय तर "परवानगीशिवाय वेगळा कार्यक्रम होऊ नये". आमचा वेगळा कार्यक्रम म्हणजे काय असणार होता, बाप्पा? रोझरी म्हटली असती, दोन वाचनं केली असती. चर्चच्या कायद्याचं कलम 1248 आहे, मिस्साला जाणं शक्यच नसेल तर लोकांनी जमून देववचनाची उपासना करावी नाहीतर घरात, कुटुंबाकुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी, तशी जोरदार शिफारस आहे त्यात. आम्ही शेवटी आमच्या ओसरीवर बसलो. बाबांनी निर्गमाचं वाचन केलं, कोणी सांगितलं नव्हतं, ते पुस्तक घेऊनच आले होते.

अजून एक गोष्ट आहे जी शहरातल्यांच्या कदाचित लक्षात येणार नाही. पास्काची मेणबत्ती ही काही त्या एका रात्रीची शोभा नाही. ती ईस्टरचे पन्नास दिवस, पेन्टेकॉस्टपर्यंत वेदीजवळ असते, आणि नंतर वर्षभर बाप्तिस्म्याला पेटते आणि मयतीला शवपेटीजवळ पेटते. आमच्या चॅपलमध्ये आज जी उभी आहे तिच्यावर 2025 कोरलेलं आहे. यावर्षी कोणी गेलं तर कोणत्या मेणबत्तीनं निरोप द्यायचा? गेल्या सालच्या? हे मी उगाच नाही विचारून राहिली, गावात दोघं अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यातल्या एकीला बीपी-शुगर मोजायला मीच जाते आणि ती प्रत्येक वेळी मला तेच विचारते.

तसंच पाण्याचं. जागरणाच्या रात्री आशीर्वाद दिलेलं पाणी आम्ही बिसलेरीच्या बाटलीत भरून घरी ठेवतो. घरात शिंपडतो, गोठ्यात शिंपडतो, आणि मृग लागला की पेरणीच्या आधी बियाण्याच्या पिशवीवर दोन थेंब. कोणी अंधश्रद्धा म्हणो, आमच्या आज्यापणज्यापासून चालत आलं आहे, आणि ज्या भागात एका पावसाच्या खंडानं दुबार पेरणी करावी लागते तिथला माणूस प्रार्थना न करता मूठ सोडत नाही, कोणत्याही धर्माचा असो. यावर्षी बाटल्या रिकाम्या आहेत. घरांना आशीर्वाद द्यायला ईस्टरनंतर फादर यायचे ते पण आले नाहीत, ॲडमिशनचा सीझन आहे म्हणे.

आणि माझा घरचा मुद्दा. माझ्या भावाची मुलगी दोन महिन्यांची, तिचा बाप्तिस्मा त्याच रात्री व्हायचा होता. बाप्तिस्म्यासाठी ईस्टरच्या रात्रीहून मोठी रात्र नाही, हे आम्हाला धर्मशिक्षणात तुम्हीच शिकवलं. आता सांगतात की मेन चर्चला आणा, जूनमध्ये तारीख देऊ. झबलं शिवून पेटीत पडलं आहे, जूनपर्यंत ते तिला होणार नाही. हे लहानसं दुःख आहे मला माहीत आहे, पण लहान आहे म्हणून सांगायचंच नाही असं थोडंच.

बाकीच्या गोष्टी पटपट लिहिते. मेन चर्चला ईस्टरची सगळी उपासना इंग्लिश आणि हिंदीत झाली, मराठीत एक वाचन आणि शेवटी सूचना. सूचनेत वर्गणी होती, ती बरोबर मराठीत. लोकांच्या भाषेत उपासना करायचा रस्ता दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 ला मोकळा केला, आमच्या गावापर्यंत तो पोचला होता, आता परत बंद पडून राहिला. कॅटेकिस्ट काकांचं मानधन दिवाळीपासून नाही. आज्ञा गुरुवारी पाय धुवायला बारा माणसं निवडली ती सगळी कमिटीतली आणि शाळेच्या मॅनेजमेंटची, सगळे पुरुष, जरी पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्येच नियम बदलून बायांचे पाय धुवायची मोकळीक दिली. आमच्या गावात गेल्या वर्षी एका सालदाराचे आणि एका विधवा बाईचे पाय धुतले होते, ती बाई आठवडाभर त्याच गोष्टीवर होती. आणि ग्रुपवर ईस्टरच्या सकाळी आलं काय, तर रंगीत अंडी आणि ससा. ससा आमच्याकडं वावरात हरभरा खाते, त्याचा पुनरुत्थानाशी काय संबंध मला अजून समजला नाही.

तुमची बाजू मला समजत नाही असं नाही. त्याच 1988 च्या पत्रात हे पण आहे की छोट्या पॅरिश असतील आणि फादर एकच असेल तर शक्य तिथवर एका मोठ्या चर्चमध्ये जमावं. माहीत आहे. पण त्यात "शक्य तिथवर" लिहिलं आहे ना. वर्धेच्या किंवा नागपूरच्या एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणं वेगळं, आणि वेळेला एसटी नसलेल्या रस्त्यावर एप्रिलच्या उन्हात पिकअपमध्ये उभं राहून 40 किलोमीटर वेगळं. त्याच पत्रात पुढं हेही आहे की एका फादरकडे दोन-तीन पॅरिश असतील आणि लोक भरपूर येत असतील तर या उपासना परत घेता येतात. आम्ही पॅरिश नाही, सबस्टेशन आहोत, पण चॅपल भरून अंगणात माणसं बसतात, ती काय कमी झाली? फादर कमी आहेत हे खरं, पण त्या तीन दिवसांत डायोसिसच्या शाळांमध्ये, ऑफिसांमध्ये, सेमिनरीत किती फादर असतात ते आम्हाला पण माहीत आहे. जुने मिशनरी फादर बंडीनं यायचे, दोन दिवस मुक्काम करायचे, माझ्या आजीच्या हातची भाकर आणि अंबाडीची भाजी खायचे. आता बोलेरो आहे.

पोप फ्रान्सिस पोप झाले तेव्हा पहिल्याच पवित्र सप्ताहात, 28 मार्च 2013 ला, धर्मगुरूंना म्हणाले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला पाहिजे. गेल्या वर्षी ईस्टरच्या दिवशी, 20 एप्रिलला, इतके आजारी असून ते व्हीलचेअरवर बाल्कनीत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तो माणूस शेवटच्या दिवशी पण लोकांपर्यंत आला. आणि त्यांनीच 2021 ला सुरू केलेल्या सिनडसाठी, म्हणजे चर्चच्या सल्लामसलतीच्या सभेसाठी, आमच्याकडून फॉर्म भरून घेतले होते, "ऐकणारी ख्रिस्तसभा" म्हणून. मी स्वतः बायांचे अंगठे घेतले त्यावर. मग झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी एक मेसेज टाकून मोकळं होणं हे कोणतं ऐकणं?

आता मागण्या. जास्त नाहीत, आणि काकांचं थकलेलं मानधन सोडलं तर एकही अशी नाही की जिला पैसा लागेल.

पुढचा ईस्टर 28 मार्च 2027 ला आहे. त्याच्या आदल्या रात्री, 27 तारखेला, अंधार पडल्यावर, आमच्या चॅपलमध्ये जागरणाची पूर्ण उपासना व्हावी, मराठीत, सातही वाचनांसकट. फादर कोणतेही पाठवा, सेमिनरीतले, रिटायर झालेले, दुसऱ्या धर्मप्रांतातले, त्यांना आणायचं आणि सोडायचं आमच्याकडं. अगदीच कोणी मिळत नसेल तर डिसेंबरच्या आत लेखी सांगा, आणि कॅटेकिस्ट काकांना देववचनाची उपासना घ्यायची आणि ख्रिस्तप्रसाद द्यायची रीतसर परवानगी द्या.

चॅपलची किल्ली काकांना याच आठवड्यात परत द्या, आणि त्यांचं थकलेलं मानधन.

यावर्षीचा पेन्टेकॉस्ट 24 मेला आहे, नवतप्याच्या अगदी तोंडावर. त्या दिवशी सकाळी लवकर, सहा-साडेसहाला, गावात मिस्सा ठेवा, तेव्हाच पाणी आशीर्वादित करा, माझ्या भाचीचा आणि अजून एका पोराचा बाप्तिस्मा करा, आणि 2026 कोरलेली पास्काची मेणबत्ती सोबत आणा. पेरणीच्या आधी होऊन जाईल.

आजारी लोकांना महिन्यातून एकदा तरी घरी येऊन ख्रिस्तप्रसाद द्या. यादी माझ्याकडं तयार आहे, कोण उठून बसू शकते आणि कोण नाही त्याच्यासकट. कलम 213 मध्ये देवाचं वचन आणि संस्कार मिळायचा जो हक्क लिहिला आहे तो खाटेवरच्या माणसाला पण आहे.

आणि इथून पुढं गावांच्या उपासनेचा असा कोणताही निर्णय घ्यायच्या आधी प्रत्येक गावातले दोन जण, त्यात एक बाई, यांना बोलवून विचारा. मीटिंग रविवारी ठेवा आणि दिवसा ठेवा, म्हणजे परतीची गाडी मिळेल.

उत्तर मराठीत द्यावं आणि त्याची एक प्रत चॅपलच्या दरवाज्यावर लावावी, कारण गावात सगळ्यांकडं व्हॉट्सअ‍ॅप नाही. तुम्ही स्वतः आलात तर फारच चांगलं, पण येताना दुपारची वेळ टाळा, ऊन लय आहे.

आपली,
गावातली एक आशा वर्कर,
महिला मंडळातल्या बायांच्या वतीनं